अंदाज, कयास, अनुमान आणि आपला ‘कशावरून?’

मागच्या अंकातल्या पावसावरच्या लेखात एकाच पानावर ‘अंदाज’, ‘अनुमान’, ‘तर्क’ आणि ‘कयास’ असे चारही शब्द येऊन गेले आणि त्यावरून पत्रं, व्हॉट्सअ‍ॅप, फोन असं जे सुरू झालं ते अजून थांबेना. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम याच विषयाला दिलाय. प्रश्न आले तसेच घेतलेत, फक्त थोडे कापलेत, काहीजणांनी तर पूर्ण वही भरून पाठवली होती.

प्रश्न: ताई, मी सातवीला मराठी शिकवते. माहिती असलेल्या गोष्टीवरून माहिती नसलेली गोष्ट काढतात त्याला काय म्हणायचं असं पोरांनी विचारलं, मी ‘अनुमान’ म्हणून मोकळी झाले. तर एक पोरगी म्हणते, मॅडम मग अंदाज म्हणजे काय, आणि अटकळ? हे सगळे एकच का वेगवेगळे? – एक शिक्षिका, सेलू

उत्तर: पोरगी हुशार आहे. वेगवेगळे आहेत, पण बोलताना आपण सगळेच सरमिसळ करतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही, जोपर्यंत समोरचा ‘कशावरून?’ असं विचारत नाही तोपर्यंत. हा ‘कशावरून’ फार कामाचा शब्द आहे बघा. तो विचारल्यावर तुमच्याकडं सांगायला काय आहे, त्यावरून ठरतं की तुम्ही जे केलं त्याला कोणता शब्द शोभतो.

सांगायला जवळपास काहीच नसेल, नुसता एखादा बारीक धागा असेल, तर ती अटकळ. बाहेर गाडी थांबल्यासारखं वाटलं, मामा आले असतील अशी अटकळ बांधली, दार उघडलं तर दूधवाला. अटकळ चुकली तर कुणी रागावत नाही.

अंदाज हा मुळात मापाचा शब्द. किती, केवढं, किती वेळात. लग्नाच्या आधी आचारी विचारतो, पानं किती? तुम्ही म्हणता पाचशे. तो मान हलवतो, पण डाळ भिजवताना तो तुमचे पाचशे धरत नाही, त्या तिथीला आसपास अजून किती लग्नं आहेत, वऱ्हाड ट्रॅव्हल्सनं येणार का आपापल्या गाड्यांनी, जेवण दुपारचं का रात्रीचं, हे सगळं मनात धरतो आणि मग त्याचा आकडा काढतो. कशावरून विचारलं तर त्याला धड सांगता येणार नाही, पण बऱ्याचदा बरोबर निघतो. शब्द फारसीतला आहे, आणि गंमत म्हणजे मूळ धातूचा अर्थ फेकणं. गोलंदाज, तिरंदाज यांच्यातला ‘अंदाज’ तोच. गोळा फेकणारा, तीर फेकणारा. फेकायचं म्हणजे अंतर नजरेनं मापावं लागतंच, तिथूनच हे माप आलं असावं. (बघा, मीही ‘असावं’ म्हणाले, त्यावर खाली एक प्रश्न आहे.)

आडाखा आणि ठोकताळा हे पुढच्या गोष्टींसाठी. टिटवीनं अंडी कुठं घातली, कावळ्यानं घरटं झाडाच्या कोणत्या बाजूला बांधलं यावरून औंदाचा पाऊस कसा, हे आपल्याकडचे ठोकताळे. निवडणुकीत कोण येणार ते आडाखे. यांच्यात अनुभव असतो, कारण सांगितलेलं नसतं.

तर्क म्हणजे वाट. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाणं. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात (कोर्टाचं नव्हे, विचार कसा तपासायचा त्याचं शास्त्र) तर तर्काला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवायचं खात्रीचं साधन, मानतच नाहीत, तो मदतनीस. ‘समजा इथं विस्तव नाही असं धरलं, तर मग धूर कुठून आला?’ असं उलटं धरून समोरच्याची कोंडी करायची, हे तर्काचं काम.

आणि अनुमान हा या सगळ्यात कडक शिस्तीचा. अनु म्हणजे मागून, मान म्हणजे माप किंवा ज्ञान. आधी काहीतरी डोळ्यांनी बघितलं, त्याच्या मागून आलेलं ज्ञान ते अनुमान. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथं विस्तव आहे म्हणायचं, पण त्यासाठी ‘जिथं जिथं धूर तिथं तिथं विस्तव’ हा संबंध आधी पक्का माहिती पाहिजे. त्या संबंधाला व्याप्ती म्हणतात. व्याप्ती नसेल तर अनुमान नाही, मग तुम्ही कितीही शुद्ध मराठीत बोला. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं मानणारे चार्वाकमताचे लोक तर इथंच अडवायचे, जगातले सगळे धूर तुम्ही बघितलेत का, मग ‘जिथं जिथं’ कसं म्हणता? हा प्रश्न अजूनही कुणाला पूर्ण सुटलेला नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

वर्गात करायचं असेल तर दारात एक ओली छत्री ठेवा आणि प्रत्येकाला तिच्यावरून एक वाक्य लिहायला सांगा. मग प्रत्येकाला कशावरून ते विचारा. काहीजण पावसाचं लिहितील, एखादं पोरगं लिहील की छत्री मॅडमनी नळाखाली धरली, आणि त्याचंही चूक नाही.

प्रश्न: माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. ते कायम ‘माझा कयास असा आहे’ म्हणायचे. हा शब्द मराठी धरायचा का? – एक वाचक, उमरगा

उत्तर: इतकी वर्षं घरात राहिलाय तर घरचाच की हो. मूळ अरबी, कियास, म्हणजे एक गोष्ट दुसरीच्या मापानं मापून बघणं. इस्लामी कायद्यात याला मोठं स्थान आहे. सुन्नी परंपरेत कायद्याचे चार आधार मानतात: कुराण, सुन्ना म्हणजे पैगंबरांची वागणूक आणि शिकवण, इज्मा म्हणजे जाणकारांचं एकमत, आणि चौथा कियास. ज्या गोष्टीबद्दल स्पष्ट सांगितलेलं नाही तिचा निर्णय सांगितलेल्या गोष्टीवरून काढायचा, पण दोन्हींमागचं कारण एकच पाहिजे. नेहमीचं उदाहरण दारूचं. द्राक्षाची दारू मना आहे, कारण तिनं नशा येते. मग दुसऱ्या एखाद्या पदार्थानंही नशा येत असेल तर तोही मना.

आपल्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, कचेरीत, कोर्टात उर्दू चालायची, त्यामुळं आजोबांच्या तोंडी हा शब्द बसला यात नवल नाही. त्यांच्या कयासाला वजन होतं. आता पेपरात ‘राजकीय वर्तुळात कयास लावले जात आहेत’ असं येतं तेव्हा त्याचा अर्थ नुसती कुजबुज एवढाच उरतो, त्याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न: ताई, आमच्या गावची नजरअंदाज पैसेवारी पन्नासच्या वर आली. रानात सोयाबीन पिवळं पडून गेलं, शेंगा भरल्या नाहीत, आणि कागदावर पीक बरं. मला सांगा, हिंदीत नजरअंदाज करना म्हणजे दुर्लक्ष करणं. मग सरकारनं हा शब्द मुद्दाम ठेवलाय का? – एक शेतकरी, गेवराई तालुका

उत्तर: तुमचं पत्र आम्ही ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. मुद्दाम ठेवलेला नाही, पण जमून मात्र आलाय. हिंदी-उर्दूत नजरअंदाज म्हणजे नजरेतून टाकून देणं, तिथं ‘अंदाज’ फेकण्याच्या अर्थानं आहे. आपल्या महसुली मराठीत तोच शब्द नजरेनं केलेला अंदाज या अर्थानं आलाय. एकच शब्द, आणि शेतकऱ्याला कोणता लागू झाला ते पैसेवारी बघितल्यावर कळतं.

आता ज्या वाचकांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पैसेवारी म्हणजे गावात यंदा पीक किती आलं त्याचा सरकारी आकडा. पूर्वी याला आणेवारी म्हणायचे, अजूनही गावात म्हातारी माणसं आणेवारीच म्हणतात. सोळा आण्यांचा रुपया, पीक पूर्ण आलं तर सोळा आणे, निम्मं आलं तर आठ आणे. १९५७ ला दशमान नाणी आली आणि पुढं आणेवारीची पैसेवारी झाली. शंभर पैसे म्हणजे ठरवलेलं प्रमाण उत्पादन, आणि त्याच्या तुलनेत यंदा किती आलं ते पैशात. पन्नासच्या खाली आली की टंचाईसदृश परिस्थिती, मग जमीन महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ वगैरे गोष्टी सुरू होतात. म्हणून तर त्या एका आकड्यावरून गावात भांडणं होतात.

खरिपाची पैसेवारी तीनदा निघते. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम. म्हणजे तुम्हाला जी आली ती पहिली, हे आधी लक्षात घ्या. नजरअंदाजाच्या वेळी पीक रानात उभं असतं. बांधावरून बघितलं तर सोयाबीन हिरवंगार दिसतं, आत शेंगेत दाणा भरलाय का नाही ते बांधावरून दिसत नाही. पुढच्या पैसेवारीला पीक कापणी प्रयोगाचा आधार असतो, तिथं मात्र माप आहे.

कसं ते बघा. समजा रानात १० बाय १० मीटरचा तुकडा आखला, तेवढंच पीक कापलं, तिथंच बडवलं, दाणे वाळवून तोलले आणि भरले ९ किलो. हा तुकडा १०० चौरस मीटर, हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे शंभरपट. ९ किलोचे झाले ९०० किलो, हेक्टरी ९ क्विंटल. इथं तोंडी हिशेबाची एक सोय आहे, तुकडा एवढाच असेल तर जेवढे किलो भरतील तेवढेच क्विंटल हेक्टरी. हे आपलं शाळेतलं त्रैराशिक. तीन गोष्टी माहिती, चौथी काढायची. जुन्या गणितात त्यांना प्रमाण, फल आणि इच्छा म्हणायचे, आणि जे काढायचं ते इच्छाफल. भास्कराचार्यांनी लीलावतीत म्हटलंय की हरीनं जसं जग व्यापलंय तसं त्रैराशिकानं सगळं गणित व्यापलंय, आणि पैसेवारीचा कागद बघितल्यावर ते पटतं.

पण त्रैराशिकात खोट एकच, ते गृहीत धरतं की सगळं रान त्या तुकड्यासारखंच आहे. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो ती पातेल्यातलं सगळं पाणी सारखं उकळतं म्हणून. रान असं नसतं. पाणथळ कोपरा वेगळा, माळाचा तुकडा वेगळा. म्हणून तुकडा कुठं आखायचा हे आधीच चिठ्ठ्यांसारखं, कुणाच्या मर्जीवर न ठेवता ठरवायचं असतं, आणि नेमकं तिथंच हात मारला जातो अशी शंका प्रत्येक गावाला असते. तुम्हाला माझा सल्ला एवढाच की गावच्या समितीत सरपंच आणि शेतकरीही असतात, कापणी प्रयोग कधी आहे ते तलाठ्याला विचारून ठेवा आणि त्या दिवशी रानात उभं राहा. तुकडा आखताना, तोलताना. नंतर तहसीलला निवेदन देण्यापेक्षा ते बरं.

आणि हो, आता दुष्काळ जाहीर करायला नुसती पैसेवारी धरत नाहीत. केंद्राच्या २०१६ च्या संहितेपासून पाऊस किती कमी, किती दिवसांचा खंड, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवाई हे सगळं बघतात. उपग्रहाचीही तीच अडचण, हिरवं दिसतं, शेंगेतलं दिसत नाही.

प्रश्न: कॉलेजात न्यायशास्त्र शिकताना सरांनी सांगितलं, नदीला पूर आला तर वर पाऊस झाला हे अनुमान. मी नांदेडची. आमच्याकडं आभाळ कोरडं असताना गोदावरी दुथडी वाहते आणि लोक म्हणतात ‘जायकवाडीचं सोडलं’. मग हे अनुमान चुकीचं ठरलं ना? – एम. ए. ची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: तुझ्या प्रश्नानं मी फार खूश झाले, कारण हा आक्षेप खुद्द न्यायसूत्रातच, म्हणजे न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथातच आलाय, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी, जायकवाडीचा दगड बसायच्या कितीतरी आधी.

गौतमाच्या सूत्रात अनुमानाचे तीन प्रकार आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. भाष्यकार वात्स्यायन त्यांची उदाहरणं देतो. ढग दाटून आले, आता पाऊस पडणार, हे कारणावरून कार्य, ते पूर्ववत्. नदी भरून वाहायली, वर पाऊस झाला, हे कार्यावरून कारण, ते शेषवत्. सूर्य सकाळी एकीकडं आणि संध्याकाळी दुसरीकडं दिसतो, जागा बदललेली वस्तू हललेली असते, म्हणून तो हलतो, हे तिसरं. (तिसरं उदाहरण पुढं कसं उलटं फिरलं ते तुला माहिती आहेच, हलते ती आपली पृथ्वी. व्याप्ती बरोबर असूनही माणूस फसू शकतो याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.)

आता आक्षेप. दुसऱ्या अध्यायात विरोधक उभा राहतो आणि म्हणतो अनुमान हे प्रमाणच नाही, आणि तीन कारणं देतो: रोध, उपघात, सादृश्य. रोध म्हणजे अडवणूक. पाणी कुठंतरी अडवलं तरी नदी फुगते, पाऊस कशाला पाहिजे? उपघात म्हणजे मोडतोड. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येतो म्हणता, पण कुणी वारूळ मोडलं तरी त्या निघतातच. सादृश्य म्हणजे सारखेपणा, मोर ओरडला म्हणता, तो माणूसही मोरासारखा ओरडलेला असू शकतो.

तो रोध म्हणजे तुझं धरण. आणि तुमच्या जिल्ह्यात तो दोन्ही बाजूंनी आहे. वर पैठणला जायकवाडी, पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, त्यांची दारं उघडली की तुमच्याकडं पाणी. आणि खाली तेलंगणात पोचमपाड, ते भरलं की बॅकवॉटरनं धर्माबादकडं पाणी चढतं, हा तर अगदी सूत्रातला शब्दशः रोध.

सूत्रकाराचं उत्तर असं की तू बघतोस ती खूण आमची नाहीच, ती दुसरीच आहे. आम्ही नुसती भरलेली नदी म्हटलंच नव्हतं. भाष्यात स्पष्ट आहे, पाणी आधीपेक्षा वाढलेलं, धार जोराची, वर फेस, त्यातून फळं, पानं, लाकडं वाहत येतात, असा पूर बघून वरच्या पावसाचं अनुमान करायचं. अडवून तुंबलेलं पाणी संथ असतं. मुंग्यांचंही तसंच, वारूळ मोडल्यावर तेवढ्या भागातल्या घाबरून पळतात, पावसाआधी निघतात त्या वेगळ्या.

म्हणजे चूक अनुमानाची नाही, खूण ढोबळ घेतल्याची. नांदेडच्या घाटावर रोज जाणारी माणसं हे बरोबर करतात. पाणी गढूळ आणि काटक्या-कचरा घेऊन आलं तर जवळच्या ओढ्यानाल्यांना पाणी आलंय, नितळसर पण चढतं असेल तर धरणाचं. आणि शेवटी जायकवाडीतलं पाणीही पावसाचंच की, फक्त नाशिक-नगरकडं पडलेलं. व्याप्ती खोटी ठरत नाही, कुठं आणि कधी एवढंच बदलतं. सरांना हे विचार, त्यांनाही आवडेल.

प्रश्न: स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात निगमन म्हणजे सामान्यावरून विशेष, आणि दुसऱ्या पुस्तकात निगमन म्हणजे शेवटचं वाक्य असं दिलंय. कोणतं पाठ करू? – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर: दोन्ही. पाश्चात्य तर्कशास्त्र मराठीत आणताना सगळ्यांना लागू असलेल्या नियमावरून एकाबद्दल सांगणं म्हणजे निगमन, आणि एकेक गोष्ट बघत बघत नियम काढणं म्हणजे विगमन, असे शब्द ठरले. आपल्या न्यायशास्त्रात दुसऱ्याला पटवायच्या अनुमानाची पाच वाक्यं असतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. तिथं निगमन म्हणजे शेवटी ‘म्हणून डोंगरावर विस्तव आहे’ हे वाक्य. प्रश्न कोणत्या धड्यातला आहे ते बघून उत्तर लिही.

विगमनाबद्दल तुझ्या जिल्ह्यातलीच गोष्ट सांगते, कारण पुस्तकात कायम ‘बघितलेले सगळे हंस पांढरे, म्हणून सगळेच हंस पांढरे’ हेच उदाहरण असतं. दख्खनचं पठार म्हणजे भक्कम, इथं मोठा भूकंप होत नाही, ही समजूत कित्येक वर्षं होती. १९६७ ला कोयनेला झाला, पण तो धरणाच्या खात्यात टाकला. भूकंपाच्या सरकारी नकाशात किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. १९९२ ला किल्लारीत छोटे धक्के बसले. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती, जे झालं ते तुझ्या घरात तुला कुणीतरी सांगितलंच असेल. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ‘आजवर झाला नाही’ आणि ‘होणार नाही’ यांच्यामध्ये विगमन उभं असतं, आणि दगडमातीच्या जाड भिंतीच्या घरात झोपलेल्या माणसाला हा फरक कुणी सांगितला नव्हता. २००२ च्या सुधारित नकाशात झोन एक काढूनच टाकला.

प्रश्न: इंजिनिअर असलेला पुतण्या ‘एक्स्ट्रापोलेट’ म्हणतो, त्याला मराठीत काय? आणि शेजारच्या दोन्ही रानांत दोनशे फुटांवर पाणी लागलंय, मधल्या माझ्या रानात लागेल का? पाणाड्या नारळ घेऊन आला होता, तो हो म्हणाला. – एक वाचक, अंबड तालुका

उत्तर: शब्द आधी. माहिती असलेल्या दोन टोकांच्या मधलं काढणं म्हणजे अंतर्वेशन, आणि टोकाच्या बाहेर जाऊन काढणं म्हणजे बहिर्वेशन, पुतण्याचं एक्स्ट्रापोलेशन ते हे. शब्द जड आहेत, बोलताना कुणी वापरत नाही, मीही पुतण्यासारखंच म्हणते. ‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ हे बहिर्वेशनच म्हणायचं, आणि किती बाळांचं ते चुकतं ते आपण बघतो.

तुमचं रान दोन्ही बोअरच्या मधे आहे म्हणजे अंतर्वेशन, आणि गणितात मधलं काढणं बाहेरच्यापेक्षा भरवशाचं मानतात. पण ते कशाचं माप आहे त्यावर आहे. दोन गावांच्या मधल्या गावचं तापमान काढलं तर फारसं चुकणार नाही, कारण ते हळूहळू बदलतं. आपल्या खालचा खडक तसा नाही. आपल्याकडं जवळपास सगळीकडं बेसाल्ट, लाव्हाचे थर एकावर एक. पाणी वरच्या मुरमात असतं, नाहीतर खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग शेजाऱ्याच्या खालून गेली आणि तुमच्या बांधाला वळली तर तुमच्याकडं नुसती धूळ उडायची. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडं पाणी आणि पलीकडं फुफाटा, हे तुम्हीही बघितलं असेल.

पाणाड्याचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधण्यावर अख्खा अध्याय लिहिलाय, दकार्गल नावाचा. कोणत्या झाडाजवळ वारूळ असेल तर कोणत्या दिशेला किती खोल पाणी, असं सगळं. त्यातलं सगळं खरं धरू नका, पण त्याच्या खुणांना कशावरून विचारता येतं: वारूळ आणि काही झाडं ओल धरून असतात. तळहातावर नारळ उभा राहिला यावरून पाणी आहे, इथं कशावरून विचारलं तर पुढं काहीच नाही. आणि ज्या भागात बऱ्याच बोअरला थोडंफार पाणी लागतंच, तिथं कुणीही हो म्हणालं तरी ते बऱ्यापैकी खरं ठरतं, लोक लागलेले बोअर लक्षात ठेवतात आणि फेल गेलेल्यांचं पाणाड्याला कुणी विचारत नाही. बोअर मारायच्या आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा ऑफिसात जाऊन या, त्यांच्याकडं निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांच्या नोंदी असतात.

प्रश्न: मी वकिलाकडं ज्युनिअर आहे. साक्षीदार ‘तिथं असावा’, ‘असेल’, ‘असणार’ असं काहीही म्हणतात आणि टाइप करताना सगळं सारखंच होतं. फरक असतो ना? – एक वाचक, बीड

उत्तर: फार मोठा असतो, आणि तो मराठीनं क्रियापदातच घालून ठेवलाय. ‘तो घरी असेल’ म्हणजे मला माहिती नाही, शक्यता आहे. ‘तो घरी असावा’ म्हणजे काहीतरी खूण बघून बोलतोय, लाइट दिसतोय, चपला दिसायल्यात. ‘तो घरी असणार’ म्हणजे मला खात्री आहे, कशावरून ते कदाचित त्याच्या सवयीवरून. ‘तो घरी आहे म्हणे’ म्हणजे दुसऱ्यानं सांगितलं, माझ्यावर येऊ देऊ नका. साक्षीदार ‘असावा’ म्हणाला की लगेच खूण विचारून घ्यायची, ती साक्षीत आली पाहिजे.

सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं घालून दिली, तुमच्या सरांना ती पाठ असतील. त्यातही हाच भेद आहे. प्रत्येक परिस्थिती ‘सिद्ध होऊ शकते’ एवढ्यावर चालत नाही, सिद्ध झालीच पाहिजे. पुराव्यांची साखळी पूर्ण पाहिजे आणि आरोपी निर्दोष असण्याची कोणतीही पटणारी शक्यता तिच्यातून शिल्लक राहता कामा नये. म्हणजे ‘असावा’ वर शिक्षा नाही.

इतिहासात मात्र ‘असावा’ वर बरंच काम चालतं आणि चालू द्यावं लागतं. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे. हे तगर कुठं, यावर बरेच दिवस वेगवेगळी गावं सांगितली गेली. फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं ते आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर असावं असं मांडलं, नाव जुळत होतं, अंतर जुळत होतं. मग तेरला उत्खननं झाली, रोमशी व्यापार दाखवणाऱ्या वस्तू निघाल्या, आणि आता कुणी ‘असावं’ म्हणत नाही, तगर म्हणजे तेर असंच लिहितात. तेरच्या म्युझियममध्ये त्या वस्तू आहेत, तारीख पडली नसेल त्या दिवशी जाऊन या.

प्रश्न: आमचे हे डाएट करायलेत. रात्री अजिबात जेवत नाहीत, नुसतं ताक. तरी वजन वाढायलंय. यावरून मी जे काढलं त्याला अनुमान म्हणू का संशय? – एक वाचक, जिंतूर

उत्तर: संशय नका म्हणू, घरात वाद होतील. यासाठी मीमांसकांकडं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांकडं, वेगळाच शब्द आहे, अर्थापत्ती. त्यांचं उदाहरणही तुमच्याच घरातलं वाटावं असं आहे: देवदत्त जाडजूड आहे आणि दिवसा जेवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण एकमेकींशी जुळेनात, मग तिसरी मानल्याशिवाय गत्यंतर नाही, की तो रात्री जेवतो. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रवाले, म्हणतात याला वेगळं नाव कशाला, हे अनुमानच आहे, आणि यावरून त्यांची शतकानुशतकं जुंपलेली आहे. तुमच्याकडं फक्त वेळ उलटी झालीय. आधी थायरॉइड तपासून घ्या, कारण न खाताही वजन वाढायचं ते एक कारण असू शकतं, आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर मग दुपारी चारच्या सुमाराला ते कुठं असतात ते बघा.